मोडीत काढलेल्या मोटारीची फिर्याद

नोकरीत नोंदवलेल्या बहुतेक फिर्यादी आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. डोंबिवलीच्या डॉक्टरांच्या मोटारीची तेवढी अजून जशीच्या तशी समोर उभी राहते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एक जुनी मोटार चोरीस गेली होती, आणि तिच्या तपासात मी एका सरळ माणसाला जवळजवळ खोटे ठरवले होते.

पन्नास साल उलटून दोन-तीन वर्षे झाली होती. मी कल्याणला फौजदार होतो. डोंबिवली तेव्हा लहान गाव होते. तिथे दवाखाना चालवणारे हे डॉक्टर शीळच्या रस्त्यावरच्या खेड्यांतून रुग्ण पाहायला मोटारीने जात. एके दिवशी सकाळी ते औषधे घेण्यासाठी कल्याणच्या बाजारात आले. मोटार दुकानाबाहेर उभी केली आणि अर्ध्या तासाने परत आले तर ती जागेवर नव्हती. त्यांनी पायीच पोलीस ठाणे गाठून फिर्याद दिली. आम्ही कलम ३७९ खाली गुन्हा नोंदवला, नाक्यानाक्यांवर वर्णन कळवले. दहा दिवस काही हाती लागले नाही.

बाराव्या दिवशी टपालाने निनावी अर्ज आला. अक्षर वळणदार, मजकूर मुद्देसूद. डॉक्टरांची मोटार चोरीस गेलेलीच नाही, असे त्यात लिहिले होते. ती पूर्वी अपघातात मोडीत निघाली होती, तेव्हाच्या विमा कंपनीने मूळ मालकाला तिची पूर्ण भरपाई दिली होती. डॉक्टरांनी तो सांगाडा लिलावात घेतला, आतले लाकूडकाम होडी बांधणाऱ्या मिस्त्रीकडून तांब्याचे खिळे मारून करून घेतले, आणि आता गाडी लपवून तिच्यावर दुसऱ्यांदा विमा उकळण्याचा बेत आहे. शेवटचे वाक्य होते, ‘तरी पोलिसांनी शोधात वेळ घालवू नये.’

माझ्या हाताखालचे हवालदार तीस वर्षांची पोलिसी नजर असलेले गृहस्थ. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

“साहेब, घरचाच माणूस दिसतोय. एवढं बारीक बाहेरच्याला कुठून कळणार?”

अर्ज पडताळून पाहिला. मुंबईच्या पहिल्या विमा कंपनीने जुनी फाइल काढून दाखवली. मुंब्र्याजवळ मोटार उलटली होती, कंपनीने ती मोडीत काढून लिलाव केला होता, घेणारे आमचे डॉक्टरच. आताची विमा कंपनी दुसरी होती. तिला यातले काही ठाऊक नव्हते.

डॉक्टरांना ठाण्यावर बोलावले. मध्यम वयाचे, जाड चष्म्याचे, हळू बोलणारे. मी थेट विचारले.

“मोटार मोडीत निघालेली होती?”

“होय.”

“फिर्यादीत सांगितलं नाहीत.”

“तुम्ही विचारलं नाहीत, फौजदारसाहेब. आणि मला वाटलं, चोरीशी त्याचा काय संबंध?”

“विमा मागितलात?”

“अजून नाही.”

“गाडी जाऊन पंधरा दिवस झाले. का नाही?”

त्यांनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली. मग म्हणाले, “ठरत नाही.”

हवालदार भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, रोग्याला औषध देताना असंच म्हणता काय, ठरत नाही?”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून विम्याच्या दाव्याचा फॉर्म काढून टेबलावर ठेवला. सगळा भरलेला होता, एक रकाना तेवढा कोरा: ‘हे वाहन पूर्वी कधी पूर्ण नुकसानीत काढले गेले होते काय?’

त्यांनी खुलासा केला. विमा उतरवला तेव्हा पहिला अर्ज एजंटाने भरला. एजंट त्यांच्या शेजारचा. दवाखान्यात गर्दी होती, त्यांनी न वाचता सही केली. आता दाव्याचा फॉर्म आला तेव्हा जुन्या अर्जाची नक्कल पाहिली, तर हाच प्रश्न तिथेही होता आणि एजंटाने उत्तर लिहिले होते, ‘नाही’.

“आता पुन्हा ‘नाही’ लिहिलं तर जाणूनबुजून खोटं होईल. ‘होय’ लिहिलं तर पैसे नाहीत, नवी गाडी नाही, वर त्या माणसाची एजन्सी जाणार. त्याला तीन मुलं आहेत. म्हणून ठरत नाही.”

मला हा खुलासा फार सोयीचा वाटला. दोन तास मी त्यांना उलटसुलट विचारले. उत्तरे बदलली नाहीत, पण प्रत्येक उत्तराआधी ते थांबत होते. त्या थांबण्याचा मी एकच अर्थ लावला. ज्याची गाडी खरोखर गेली आहे तो दुसऱ्या दिवशी विमा मागतो. हे थांबले, कारण आमच्या तपासाचा अंदाज घेत होते. मी ‘ब’ समरीचा कच्चा मसुदा लिहायला घेतला. फिर्याद हेतुपुरस्सर खोटी आहे असे पोलिसांचे मत झाले की ही समरी न्यायाधीशांकडे जाते आणि फिर्यादी स्वतः आरोपी होऊ शकतो. डोंबिवलीसारख्या गावात त्यानंतर डॉक्टरांच्या दवाखान्याची पायरी कोणी चढले असते, असे मला वाटत नाही.

कागद पुरा व्हावा म्हणून एक जबाब राहिला होता, होडीच्या मिस्त्रीचा. हवालदार आणि मी कल्याणच्या खाडीकाठी गेलो. मिस्त्री साठीचा, उघड्या अंगाने फळी तासत होता. मोटारीचे काम तूच केलेस ना, असे विचारताच त्याने तासणी खाली ठेवली.

“मीच केला. पत्र्याच्या आतला लाकूड सारा चिरफाललेला. डाक्तर बोलले, मोटारीचा सुतार लई मागतो. मी बोललो, मोटार म्हंजे काय, जमिनीवरची होडीच ना?”

“तांब्याचे खिळे मारलेस?”

त्याचा चेहरा एकदम बदलला.

“तुमाना कोनी सांगला?”

“डॉक्टरांना माहीत असेलच की.”

“डाक्तरांना कंचा माहीत? त्यांनी लोखंडाच्या खिल्यांचा पैसा दिलेला. खारी हवा लोखंड खाते, म्हनून तांब्याचे मी माझे पदरचे मारले. वर कापड ठोकून बंद केला. बोललो असतो तर त्यांनी पैसे दिल्याबिगर सोडला नसता. माझे अडलेले सुनेची सुटका त्यांनीच केली हाय, पान्यातून चालत येऊन. सायेब, यो खिला ज्याने पायला, त्याने माझी गाडी फोडली.”

मी हवालदारांकडे पाहिले. त्यांनी टोपी काढून डोके खाजवले.

“साहेब, ते ब समरीचं राहू द्या आता.”

मिस्त्रीचे म्हणणे बरोबर होते. खिळे कापडाखाली होते. ज्याने अस्तर फाडले त्यालाच ते दिसले असणार, आणि मोडीत काढल्याची गोष्ट ज्याला ठाऊक तो लिलावाच्या वेळी हजर असणार. मी पुन्हा मुंबईला जाऊन लिलावाचा कागद पाहिला. बोली लावणारे दोघेच होते. दुसरा माजिवड्याला आग्रा रस्त्यावर गॅरेज चालवणारा, त्याच बनावटीच्या दोन टॅक्सी बाळगणारा.

ठाणे शहरच्या पोलिसांना बरोबर घेऊन भर दुपारी झडती घेतली. इंजिन एका टॅक्सीत बसवलेले सापडले, नंबर शाबूत. लाकडी सांगाडा मागच्या बाजूला सरपणात पडला होता. मिस्त्रीला आणले होते. त्याने एक तुकडा उचलला, अंगठ्याने खिळ्याचे डोके पुसले आणि तो माझ्या हातात दिला. गॅरेजच्या बिलबुकातले अक्षर निनावी अर्जाशी जुळले.

गॅरेजवाल्याने फार वेळ घेतला नाही. मी विचारले, “चोरी केलीस ती केलीस, वर डॉक्टरांवर अर्ज कशाला?”

“फाइल बंद व्हावी म्हणून. आणि साहेब, मी खोटं काय लिहिलं? गाडी लपवल्याचं सोडून सगळं खरंच होतं.”

तेही बरोबर होते. खऱ्या गोष्टी इतक्या होत्या की एक खोटी त्यांत सहज खपली, आणि ती खपवून घेणारा मीच.

पंचनाम्यासाठी डॉक्टरांना बोलावले. सांगाड्याच्या ढिगाजवळ ते थोडा वेळ उभे राहिले. माझ्या मनात अपराधीपणा होता. पंच दूर होते. मी हळू आवाजात म्हणालो, “डॉक्टरसाहेब, इंजिनाच्या नंबरावर आणि कबुलीवर माझी केस उभी राहते. लाकडाचा उल्लेख नुसता ‘मोडके लाकूड’ एवढाच करतो. निनावी अर्जही जोडायची गरज नाही. तुमच्या कंपनीला काही कळणार नाही. तुम्ही दावा करून टाका.”

त्यांनी चष्मा काढला.

“फौजदारसाहेब, इतके दिवस तुम्ही मला लबाड समजलात. मला राग नाही, ते तुमचं कामच आहे. पण आता मला लबाड करू नका. जे आहे ते लिहा.”

मी लिहिले. खिळ्यांसकट लिहिले.

दोन दिवसांनी त्यांनी कंपनीला पाठवलेल्या पत्राची नक्कल मला आणून दिली. पत्र अर्ध्या पानाचे होते. मोटार पूर्वी मोडीत काढली गेली होती, विमा उतरवतानाच्या अर्जातले उत्तर चुकीचे आहे, सही माझी आहे म्हणून चूक माझी आहे. हे धरून दावा देता येत असेल तर द्यावा, नसेल तर नाकारावा. एजंटाचा उल्लेख कुठे नव्हता.

कंपनीने दावा नाकारला आणि विमापत्र रद्द केले. एजंटाची एजन्सी राहिली. गॅरेजवाल्याला शिक्षा झाली. डॉक्टर टांग्याने जाऊ लागले, रस्ता संपला की पायी.

पुढे एकदा मी त्यांना विचारले, “दावाच केला नसता तर? पैसे तसेही गेले. गप्प राहिला असता तर कोणी विचारलं नसतं.”

“पहिले पंधरा दिवस मीही तोच हिशेब करत होतो,” ते म्हणाले. “मग लक्षात आलं, गप्प राहिलो तर पैसे जातील, पण ती खोटी सही तिथेच राहील. मला सही परत घ्यायची होती. दाव्याच्या निमित्ताने घेता आली.”

त्यानंतर माझी वीस वर्षांहून अधिक नोकरी झाली. खोट्या फिर्यादी पुष्कळ पाहिल्या. बनाव करणाऱ्याचे कागद पहिल्याच दिवशी तयार असतात, त्याचा कोणताही रकाना कोरा नसतो आणि उत्तर देताना तो थांबत नाही. डॉक्टर थांबले होते, कारण खरे बोलण्याची किंमत ते मोजत होते. ती मोजून झाल्यावर त्यांनी दिली. माझ्या पदरच्या अनुभवात असे करणारे मला फार भेटले नाहीत.

तो ‘ब’ समरीचा मसुदा मी फाडला. पुढच्या काळात एखादा फिर्यादी उत्तर देताना अडखळला की मी लेखणी खाली ठेवत असे, आणि त्याचे ठरेपर्यंत थांबत असे.