हौशीरामची हिरवी टोपी

निमोण्याच्या माळावर दर शनिवारी पुण्याची पोरंपोरी येतात. सुट्टी काढून, पदरचं भाडं भरून, दगड उचलायला. पावसाचं पाणी अडावं, गवत वाढावं, हरणं टिकावीत म्हणून उताराला आडवे दगडी ताल, म्हणजे बांध, रचायचे, शाळेत झोपायचं आणि रविवारी कंबर धरून परत जायचं. त्यांना शिकवायला हौशीराम, डोक्यावर हे काम चालवणाऱ्या संस्थेची हिरवी टोपी.

बिरदेव टेकाडावर सात मेंढरं घेऊन हे बघत बसायचा. साठीचा गडी. पंचक्रोशीत ताल रचावा तर त्यानंच. पण संस्थेचा माणूस पोरांना शिकवाल का विचारायला आधी त्याच्याकडंच आला होता, तेव्हा हाच म्हणाला, "सुट्टीत दगड उचलतंय व्हय कुणी? येडी का खुळी?" माणूस तिथनं तडक हौशीरामकडं गेला.

तेव्हापासून हौशीराम 'सर' झाला. त्याच्या तोंडातलं 'हाय' जाऊन 'आहे' आलं. बिरदेव घरी त्याची नक्कल करायचा, हात मागं, पोट पुढं: "हे बघा मुलांनो, हा हरणांचा अधिवास आहे." मग चिरक्या आवाजात: "वॉव सर, किती भारी ना."

त्याची बायको गिताबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "अवं, नक्कल झ्याक हाय. पर पोटात दुखतंय तुमच्या."

"माझ्या? त्याला दगडाचं तोंड कुठं न् शेपूट कुठं कळंना, आन् माझ्या पोटात दुखंल?"

ते मात्र खरं होतं. लांबट दगडाचं शेपूट, म्हणजे निमुळतं टोक, तालाच्या आत जायला पाहिजे. हौशीराम दगड आडवा लावायचा, रुंद बाजू बाहेर, फोटोत बरी दिसते म्हणून. असला ताल पहिल्या पाण्याला फुगतो आणि बसतो.

"बसू दे," बिरदेव म्हणाला. पण मंगळवारी त्याला ते बघवेना. शुक्रवारपर्यंत त्यानं वीस हात ताल उलगडून पुन्हा रचला. मनात एकच, पोरं विचारतील, हे कुणी केलं?

शनिवारी रुपाली नावाच्या पोरीनं तालावर चढून दोन उड्या मारल्या. "सर, अजिबात हलत नाहीये. कसलं जमवलंय तुम्ही."

हौशीराम तालाकडं बघत राहिला. बिरदेवचा तो हात त्यानं लहानपणापासून पाहिला होता. तरी खाकरला. "अनुभव असतो, मुलांनो."

बिरदेव टेकाडावरून उतरला तो मेंढरं मागं सोडूनच. तालाच्या माथ्यावरचा एक दगड त्यानं ओढून काढला आणि हौशीरामपुढं टाकला. "सर, एवढा बसवा."

हौशीरामनं असा लावला, तसा लावला. दगड डुगडुगतच राहिला. शेवटी घाम पुसत तो हळूच म्हणाला, "मामा, तुमचंच काम हाय हे. तुम्हीच बसवा."

बिरदेवनं दगड फिरवला, खाली बोटभर कपची सारली, वर एक बुक्की हाणली. दगड मुका झाला.

"मामा, आम्हाला शिकवाल?" रुपालीनं विचारलं.

"शिकवीन की," बिरदेव म्हणाला. नजर हौशीरामच्या डोक्यावर. "पर टोपी लागंल. ह्याच्यापरीस नवी."