पंच्याण्णव नंबरचे दोन जेट

दोन्ही प्लग माझ्या तळहातावर होते. डावा तपकिरी, जसा असायला पाहिजे तसा. उजवा चुना फासल्यासारखा पांढरा.

"उजवी बाजू परत तापायलीय," मी म्हणालो. "घाटात घातली की जाम होणार."

वाघमारे सिस्टरचा चेहरा उतरला. सिस्टर अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. त्यांचे वडील, रिटायर शिक्षक वाघमारे गुरुजी, माझ्या गॅरेजच्या बाकड्यावर ताठ बसले होते. माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. दीड वर्षापासून ते माझ्याशी बोलत नव्हते, आणि त्याला कारण माझी जीभ.

चौसाळ्यात हायवेला माझं गॅरेज आहे. बत्तीस वर्षं झाली. लोक मला अप्पा म्हणतात आणि माघारी तापट म्हणतात. दोन्ही बरोबर आहे.

गाडी गुरुजींची. दोन सिलिंडरची जुनी टू-स्ट्रोक. दोन सायलेन्सर, दोन कार्बोरेटर. चौदा एप्रिलला जयंतीची मोटारसायकल रॅली आमच्याकडून बीडला जाते, आणि गेली कित्येक वर्षं तिच्या पुढं गुरुजींची ही गाडी असायची. तिचा आवाज आला की लोक दारात येऊन उभे राहायचे. पण दोनदा तिचा उजवा पिस्टन जाम झाला. दोन्ही वेळा बीडहून परत येताना, मांजरसुंब्याच्या घाटात. मागच्या जयंतीला गुरुजी पोराच्या स्कूटरवर मागं बसून गेले.

पिस्टन जाम होतो म्हणजे तापून फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. मग सिलिंडर आतून थोडा कोरायचा आणि एक साइज मोठा पिस्टन टाकायचा. हे किती वेळा करायचं त्याला हद्द असते. आता आत होता तो शेवटचा साइज. यापुढचा पिस्टन मिळत नाही. परत जाम झाली असती तर गाडी भंगारात गेली असती, दुसरा इलाज नव्हता. आणि जयंती नऊ दिवसांवर आलेली.

मागच्या वेळी जाम झाली तेव्हा मी चार लोकांसमोर बोललो होतो, "गुरुजी, तुमी ऑइलमध्ये काटकसर करता." टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. ते कमी पडलं की पिस्टन कोरडा चालतो. गुरुजींनी पिशवीतून काचेचं मोजपात्र काढलं. शाळेत विज्ञान शिकवायचे, त्या काळातलं, स्वतः विकत घेतलेलं. "लिटरला चाळीस मिली. दर वेळी मोजून," ते म्हणाले. मी हसलो. "असल्या नळकांड्यानं गाड्या चालत न्हाईत," असंही म्हणालो. गुरुजी उठले आणि गेले. लेकानं टोमणा मारला तरी चालतं, पण माप चुकलं म्हटलेलं त्या माणसाला चालत नाही.

या खेपेला सिलिंडर त्यांनी अंबाजोगाईला करून घेतला. तरी माझ्याकडं यावंच लागलं, कारण दोन कार्बोरेटर एकमेकांशी जुळवणारा जवळपास दुसरा कोणी नव्हता. सिस्टरनी टेम्पोत गाडी आणली. मी सपाट रस्त्यावर किलोमीटरभर पूर्ण रेस देऊन पळवली, चालू वेगात इंजिन बंद केलं आणि प्लग काढले. प्लगच्या रंगावरून आत काय जळतंय ते कळतं. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी जातंय.

"त्यांना विचार," गुरुजी मुलीला म्हणाले, "पेट्रोल कमी का जातंय."

मी तीन हातांवर उभा होतो. तरी सिस्टरनी तोच प्रश्न परत विचारला.

मी उजवा कार्बोरेटर खोलला आणि मेन जेट काढला. जेट म्हणजे पितळेचा छोटा स्क्रू, मधोमध केसाएवढं आरपार भोक. पूर्ण रेस दिली की त्या भोकातून जाईल तेवढंच पेट्रोल इंजिनला मिळतं. हळू चालवताना त्याचा संबंध फारसा येत नाही. म्हणून ही गाडी गावात गुणी लेकरासारखी चालायची आणि घाटात मार खायची. जेटवर नंबर कोरलेला असतो. नंबर मोठा तर पेट्रोल जास्त.

मी डावा जेटही काढला. भिंगाखाली दोन्ही बघितले. डावा पंच्याण्णव. उजवा पंच्याण्णव.

"जेट सारखे हायेत," मी म्हणालो. "पंच्याण्णव, पंच्याण्णव. जेटचा दोष न्हाई." गुरुजी समोर होते म्हणून 'ऑइलचाच हाय' एवढं गिळलं.

सिस्टर म्हणाल्या, "अप्पा, नंबर सारखा म्हणजे पेट्रोल सारखंच जातं का?"

"नंबर कशासाठी टाकलाय मग?"

"आमच्याकडं सलाईनचे थेंब मोजतात. मिनिटाला वीस थेंब, तीस थेंब. पण मोजायच्या आधी सेट कुठला ते बघावं लागतं. मोठ्या माणसाच्या सेटचा थेंब मोठा, लहान लेकराच्या सेटचा बारीक. आकडा तोच, पण औषध कितीतरी कमी जातं. नवीन पोरी इथंच चुकतात."

मला राग आला. माझ्या गॅरेजमध्ये मला दवाखाना शिकवतात म्हणजे काय. "बरं, मोजून दाखवतो," मी म्हणालो. त्यांना खोटं पाडायलाच म्हणालो, लपवत नाही.

पाण्याच्या बाटलीचं बूड कापलं. तोंडाला पेट्रोलचा पाइप लावला आणि पाइपाच्या टोकात जेट घट्ट बसवला. बाटली खिळ्याला उलटी टांगली. मी ती हातात धरणार होतो, पण सिस्टर म्हणाल्या, "उंची बदलायची न्हाई. बाटली वर केली की सलाईन जोरात जातं." खाली धरायला माप पाहिजे होतं. माझ्याकडं चहाचे ग्लास होते.

गुरुजींनी पिशवीतून मोजपात्र काढून बाकड्यावर ठेवलं.

बाटलीवर खूण केली आणि तिथपर्यंत पाणी भरलं. सिस्टरनी खिशाला लावलेलं घड्याळ हातात घेतलं. डाव्या जेटमधून शंभर मिली पाणी चौसष्ट सेकंदांत आलं. परत खुणेपर्यंत भरलं आणि उजवा लावला. चौसष्ट झाले. सत्तर झाले. पाणी अजून शंभराच्या खालीच. पंच्याहत्तर सेकंद लागले.

"बोट लागलं आसंल माझं," म्हणून मी परत मोजलं. पंच्याहत्तर.

मी भिंग घेऊन दोन्ही जेट परत बघितले. या वेळी नंबर सोडून. डाव्यावर नंबराशेजारी बारीक चौकोन होता, कंपनीची खूण. उजव्यावर तो नव्हता. आणि उजवा जेट कुठून आला ते मला आठवलं.

तीन वर्षांपूर्वी हाच कार्बोरेटर साफ करताना उजवा जेट माझ्या हातातून सटकून समोरच्या नालीत गेला होता. मी माझ्या बिस्किटाच्या डब्यातून दुसरा काढला. पंच्याण्णव नंबर बघितला, लावून दिला. गुरुजींना सांगितलंसुद्धा नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात.

होतं. एक कंपनी भोकाची रुंदी मोजून नंबर टाकते. दुसरी त्यातून किती पेट्रोल जातं ते मोजून टाकते. दोघींचा पंच्याण्णव एक नसतो. हे माझ्या उस्तादानं मला शिकाऊ असताना सांगितलं होतं. मी मान हलवली होती आणि विसरलो होतो. पेट्रोल कमी गेलं, आणि ऑइल पेट्रोलमध्येच असल्यामुळं तेही कमी गेलं. पिस्टन कोरडाच पडला होता. पण गुरुजींनी चाळीसच्या चाळीस मिली ओतलं होतं, वाटेत अडवलं ते मी.

लाज वाटली. पण तोंडातून एवढंच निघालं, "जेट बदलावा लागंल."

गुरुजी मुलीला म्हणाले, "कळलं मला. चल."

दुसऱ्या दिवशी मी बीडहून चौकोनाच्या खुणेचे जेट आणले, तीन साइजचे, प्रत्येकी चार-पाच. सगळे त्या बाटलीखाली मोजले. एकाच साइजच्या नव्या जेटमध्येही दोन-तीन सेकंदांचा फरक निघाला. सारख्या वेळाच्या जोड्या लावून मी त्या कागदाच्या पुड्यांत बांधल्या. मग एकेक जोडी घालून गाडी पळवली. पंच्याण्णवला दोन्ही प्लग सारखे, पण किंचित फिके. आजकालच्या पेट्रोलला थोडं जास्तच द्यावं लागतं. शंभरला गाडी जड झाली आणि दोन्ही सायलेन्सर धूर ओकायला लागले. साडेसत्त्याण्णवला दोन्ही प्लग तपकिरी निघाले. ती जोडी ठेवली. पण हे सगळं सपाटीवर. घाट अजून बाकी होता, आणि शेवटचा पिस्टन घाटात घालून बघायची माझी छाती झाली नाही.

जयंतीला मी माझ्या गाडीवर रॅलीच्या मागं मागं गेलो, डिकीत पाने घेऊन. गुरुजी पुढं. पांढरा शर्ट, निळा फेटा, मागं सिस्टर झेंडा धरून. जाताना सगळा उतार, काही प्रश्न नव्हता. दुपारी परत निघालो. ऊन मी म्हणत होतं. घाट लागला तसा मी गर्दीतून वाट काढत गुरुजींच्या मागं जाऊन चिकटलो. उसानं भरलेला एक ट्रक पुढं रांगत होता. गुरुजींनी वळून माझ्याकडं एकदा बघितलं आणि पूर्ण रेस दिली.

माझा जीव टांगणीला लागला. जाम व्हायच्या आधी इंजिनाचा आवाज बारीक होतो, तो ऐकायला मी कान लावून बसलो. तो आलाच नाही. दोन सायलेन्सर एका सुरात वाजत राहिले. गाडीनं ट्रक मागं टाकला, पुढचं वळण घेतलं आणि चढ संपेपर्यंत कुठं दम खाल्ला नाही. मी एकटाच हेल्मेटमध्ये ओरडत होतो.

मांजरसुंब्याला ढाब्यासमोर गुरुजींनी इंजिन बंद केलं. मागून सगळी रॅली येऊन थांबली.

"अप्पा," गुरुजी म्हणाले. दीड वर्षात पहिल्यांदा. "प्लग काढा."

काढले. गरम होते, फडक्यात धरले. डावा तपकिरी. उजवा तपकिरी. कुठला कुठला ते मलाच सांगता आलं नसतं.

माणसं गोळा झाली होती. मागच्या वेळी चार लोक होते, या वेळी चाळीस तरी असतील. मी उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "गुरुजीचं ऑइल बरोबर होतं. पहिल्यापासून बरोबर होतं. चुकीचा जेट मी घातलता, आन् बोल त्यांना लावला. चूक माझी हाय."

सिस्टर डोळे पुसत हसल्या. गुरुजींनी पिशवीत हात घातला आणि मोजपात्र काढून माझ्या हातात दिलं.

"हे तुमच्याकडं ठेवा. माझ्याकडं दुसरं आहे," ते म्हणाले. "मला वाटतं, तुम्हाला जास्त गरज आहे."

सगळी रॅली हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार.

बिस्किटाचा डबा मी त्याच आठवड्यात रिकामा केला. आता खुणेप्रमाणं वेगळ्या डब्या आहेत. जेट बदलायला गाडी आली की गिऱ्हाईक नंबर सांगतं. मी ऐकून घेतो आणि आधी मोजपात्र धुतो.