प्यून आणि पायोनियर

धारवाडला आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक प्यून होते. आम्ही त्यांना नुसतं अण्णा म्हणायचो. नाव कधी कुणी विचारलंच नाही. पुस्तकांवरची धूळ पुसून झाली की ते ओळीखाली बोट सरकवत, उभ्यानंच जाडजूड इंग्रजी डिक्शनरी वाचत.

एकदा नवे ग्रंथपाल खेकसले, "प्यूनला डिक्शनरी कशाला लागते?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "साहेब, प्यून म्हणजे मुळात पायी चालणारा. सैन्यापुढं वाट करून देणारा पायोनियरही त्याच मुळातला. यातच दिलंय."

दुसऱ्या दिवशी डिक्शनरी कपाटात गेली. कपाटाचं कुलूप आणायला साहेबांनी अण्णांनाच बाजारात पाठवलं.

मी समोरच बसलो होतो आणि गप्प राहिलो. साहेबांइतकाच स्वतःचाही संताप येतो, अजून.