मागच्या दारानं येणारा उमेदवार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — नीट ठाऊक नाही. सांगायला बसतो, उठतो, पुन्हा बसतो. पण आता पोटात राहत नाही.

बाहत्तरच्या विधानसभा निवडणुकीची गोष्ट. नेवाशाकडच्या एका बाजारगावात माझा दवाखाना होता. आमच्यासारख्या आयुर्वेदाच्या पदवीवाल्यांना इंजेक्शन देण्याचा हक्क कायद्यानं हवा होता. म्हणून आमच्या डॉक्टर संघटनेनं निवडणूक समिती नेमली, मीही तीत होतो. जो उमेदवार हा प्रश्न विधानसभेत मांडील, त्याच्यामागं उभं राहायचं. वर्गणी काढली, कुणी जीप दिली. पण आमचं खरं बळ वेगळंच. पेशंट हात पुढं करतो आणि आपण नाडी बघत असताना विचारतो, डॉक्टर, मत कुणाला द्यावं? आम्ही सांगायचो.

तरी आमचा माणूस मागं पडत होता. समोर सावळेरामभाऊ — साधे शेतकरी, अपक्ष, पण लोक त्यांना मानायचे. आणि हे सावळेरामभाऊ माझेच पेशंट. पाठीवर बधिर चट्टा. महारोगच, पण न पसरणारा, औषधानं बरा होणारा. दवाखाना रिकामा झाला की मागच्या दारानं यायचे. गोळ्या मी स्वतः द्यायचो. माझा कंपाउंडर गोविंदा, त्यालासुद्धा कळू द्यायचो नाही. इतकं जपायचो. आणि मग —

मग समितीच्या बैठकीत कुणीतरी वैतागून म्हणालं, या माणसात बोट ठेवायला जागाच नाही. मी बोललो. एकच वाक्य. कशासाठी? हक्कासाठी? छे. सगळ्यांनी माझ्याकडं वळून बघावं, एवढ्यासाठी. रोग पसरणारा नाही, हे मात्र बोललो नाही.

दवाखान्यादवाखान्यांतून ते गावोगाव गेलं. प्रचाराला आलेल्या सावळेरामभाऊंच्या हाती भांडं न देता लोक त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतू लागले. सावळेरामभाऊ पडले. संगमनेरला ठरलेलं त्यांच्या मुलीचं लग्न मोडलं.

निकालानंतर ते आले, त्याच दारानं. म्हणाले, "डाक्टर, तुमच्या कंपाउंडरनंच फोडलं असंल. तुमच्यावर माझा इस्वास हाय."

मी काय केलं असेल? मान हलवली — हो म्हणून. महिनाअखेरीस गोविंदाला काढून टाकलं. माझं काय चुकलं, त्यानं विचारलं. मी म्हणालो, तू फार बोलतोस. तो बिचारा कामापुरतंसुद्धा बोलायचा नाही. मला स्वतःची किळस आली, तरी त्याला परत बोलावलं नाही.

सावळेरामभाऊ पुढं कितीतरी वर्षं गोळ्यांना येत राहिले. अखेर बरे झाले. त्या दिवशी वयानं माझ्याहून मोठा असलेला तो माणूस वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. मी लावू दिला.