मागचे दोन मिळून पुढचा

औरंगाबादहून समुद्र बघायचा तर एसटीत बसून अख्खा दिवस घालवावा लागतो. तरीही आमचे वाहिद मास्तर रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून समुद्राची खबर ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत आल्या आल्या, टोपी खुंटीला लावता लावता सांगायचे, "बंगालच्या उपसागरात आज शांत हाय." कुणी विचारलेलं नसायचं. आम्ही चहाचे कप खाली ठेवून हसायचो. मराठीचे जोशी तर रोजच्या रोज विचारायचे, "मास्तर, आपल्या खाम नदीला भरती किती वाजता?" मास्तर रागवत नसत. म्हणायचे, "हसा, हसा. लेक पाण्याकाठी दिल्यावर कळंल."

त्यांची एकुलती एक मुलगी नसीम आंध्रच्या किनाऱ्यावर एका लहानशा गावात दिली होती. हैदराबादच्या नातेवाइकांनी सोयरीक जुळवली होती. जावई युसूफ तिथल्या भाताच्या गोदामात कारकून होता. नसीमची आई ती पाच वर्षांची असतानाच गेली होती, त्यामुळे पोरीच्या वेण्या घालण्यापासून तिला बीजगणित शिकवण्यापर्यंत सगळं मास्तरांनीच केलेलं. लग्नाच्या वेळी मी तिथं होतो. निकाह लागला, जेवणं झाली, आणि मास्तर एका कोपऱ्यात भूगोलाचा नकाशा उघडून जावयाला विचारत होते, "तुमचं घर किनाऱ्यापासून किती लांब?" युसूफ बिचारा नवरदेवाच्या शेरवानीत घामाघूम झाला होता.

मी गंगापूरकडचा, शेतकऱ्याघरचा, भूगोल शिकवायला या शाळेत रुजू झालो तेव्हा मास्तर चाळिशीत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं गाव विचारायच्या आधी टेबलावर बोटांनी ठेका धरला. "एक मात्रा म्हंजे लघु. दोन मात्रा म्हंजे गुरू. चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरंल, सांगा."

मी मोजून चार सांगितल्या. ते खूश झाले. नव्या माणसाने चुकलेलं त्यांना फार आवडायचं.

"पाच! पाच मात्रांची आठ तऱ्हांनी, सहाची तेरा तऱ्हांनी. मोजायची गरजच नाय, काळे. ओळीतलं शेवटचं अक्षर एक तर लघु असंल, नाय तर गुरू. लघु असलं तर मागं एक मात्रा कमी उरली. गुरू असलं तर दोन कमी. म्हणून मागचे दोन मिळवा, पुढचा तुमच्या हातात."

मास्तर मूळचे सिल्लोडचे. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, उर्दूतूनच शिकवायला लागले. पोलीस ॲक्शन झाली आणि काही वर्षांत शाळेची भाषा मराठी झाली. बरोबरीचे काहीजण हैदराबादला गेले, काही त्याहून लांब. मास्तर सातवीच्या पोरांची गणिताची पुस्तकं घरी नेऊन 'त्रिकोण', 'लसावि', 'वर्गमूळ' असे शब्द पाठ करत बसले. रागाच्या भरात त्यांच्या तोंडून अजूनही त्रिकोणाला 'मुसल्लस' निघायचं आणि पोरांना ती शिवी वाटायची. "राज बदललं, जबान बदलली," ते म्हणायचे, "पर सात आठे छप्पन्नच ऱ्हायले. मी आकड्यांना धरून ऱ्हायलो, म्हणून वाचलो."

त्या संख्यांवर त्यांचा जीव होता. एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. हैदराबादच्या कॉलेजात त्यांना शिकवलं होतं की, इटलीतल्या एका व्यापाऱ्याच्या मुलाने सशांच्या जोड्या मोजताना या संख्या मांडल्या. नंतर कधीतरी आमच्या संस्कृतच्या गुरुजींनी एका जुन्या छंदशास्त्रावरच्या पुस्तकातून त्यांना वाचून दाखवलं की, त्या इटलीवाल्याच्या आधी गुजरातेतल्या एका जैन आचार्यांनी मात्रा मोजताना हेच लिहून ठेवलंय, आणि त्यांच्याही कितीतरी शतकं आधी दुसऱ्या कुणी. त्या दिवशी मास्तरांनी सगळ्या शिक्षकांना भजी चारली. "ससे मोजायच्या आधी आपल्याकडं कविता मोजली," असं ते महिनाभर येईल त्याला सांगत होते. मग एकदा शांतपणे मला म्हणाले, "आपले अंक अरबांनी नेले, अरबांकडून तो इटलीचा पोरगा शिकला. पयल्याचं नाव ऱ्हातं, शेवटल्याचं ऱ्हातं. मधल्यांचं कुणी ठेवत नाय. पर मधल्याबिगर पोचतं का काही?"

मला वाटतं, ते स्वतःला त्या मधल्यांत धरायचे. आम्ही त्यांना धरलं ते चेष्टेत. आता लिहिताना त्याची लाज वाटते.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचंय, त्या वर्षी नसीमला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून दिवाळीनंतर मास्तर तिला आणायला जाणार होते. सिल्लोडहून बहिणीला बोलावून ठेवलं होतं. डिंक, खारीक आणून झाली होती. रेडिओ ऐकणं वाढलं होतं. आणि नोव्हेंबरात एका संध्याकाळी बातम्यांत आलं की, उपसागरात वादळ तयार झालंय आणि ते किनाऱ्याकडे सरकतंय.

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्या भूगोलाच्या वर्गात आले. हातात दोन चिठ्ठ्या होत्या. काल संध्याकाळी वादळ मद्रासच्या कुठल्या दिशेला, किती लांब होतं, ते एकीवर, आणि आज सकाळचं दुसरीवर. त्यांनी माझ्या भिंतीवरच्या मोठ्या नकाशात दोन टाचण्या खोचल्या, त्यांना दोरा बांधला आणि तो ताणून किनाऱ्यापर्यंत नेला. दोरा नसीमच्या गावावरून गेला.

मी म्हणालो, "मास्तर, रेडिओवाले सबंध किनाऱ्याला सावध राहा म्हणतायत."

"सगळ्या किनाऱ्याला सांगितलं म्हंजे कुणालाच नाय सांगितलं. पोरीनं जायचं कुठं, ते सांगत्यात का? मागच्या दोनावरून पुढचा काढावाच लागतो, काळे."

किनाऱ्यापासून आत जवळपास युसूफचं कुणी नव्हतं, आणि हैदराबाद सातव्या महिन्यात फार लांब. त्याची थोरली बहीण, म्हणजे नसीमची नणंद, तेवढी उत्तरेला, कृष्णेच्या मुखाजवळच्या एका गावात होती. दोऱ्यापासून ते गाव चांगलं चार बोटं लांब होतं. मास्तरांनी ती चार बोटं दोनदा मोजली. "नसीमचं अन् तिचं जमत नाय. लग्नात जेवणावरून बोलली ती, तवापासून नसीम तिच्या दारात नाय गेली. पर बापानं सांगितल्यावर जाईल."

इथं मला थांबावं लागतं. दर वर्षी मी नववीच्या मुलांना फळ्यावर काढून शिकवत होतो की, बंगालच्या उपसागरातली वादळं सरळ येतीलच असं नाही, पुष्कळदा ती उत्तरेकडे वळतात. प्रश्नपत्रिकेतही विचारत होतो. आणि त्या दिवशी त्या दोऱ्यासमोर उभा राहून मी एवढंच म्हणालो, "वळूही शकतं, मास्तर."

"वळणार असं म्हणतंय का कुणी?"

"नाही, तसं कुणी म्हणत नाही."

मी तिथं अडून बसायला हवं होतं. पण माणूस इतका घाबरलेला असला की, त्याचा एकुलता एक आधार काढून घ्यायला जीभ रेटत नाही. शिवाय खरं सांगायचं तर मलाही तो दोरा पटला होता. सरळ दोरा कुणालाही पटतो. तासाची घंटा झाली, आणि आम्ही दोघं तारऑफिसात गेलो. तार इंग्रजीत मी लिहून दिली. वादळ तुमच्याकडे येतंय, नसीमला ताबडतोब नणंदेकडे पाठवा, असा मजकूर. मास्तर म्हणाले, "खाली लिवा, अब्बाचा हुकूम हाय." तेही लिहिलं.

त्यानंतरच्या दिवशी संध्याकाळपर्यंत मास्तर खुशीत होते. म्हणाले, "पोचली असंल आता. नणंदेनं काही बोलू नये म्हंजे मिळवली." रात्रीच्या बातम्या मी माझ्या घरी ऐकल्या. वादळ उत्तरेकडे वळलं होतं.

सकाळी मी पोचलो तेव्हा मास्तर तारऑफिसच्या पायरीवर बसलेले होते. ऑफिस उघडायला अजून तासभर होता. मला पाहून त्यांनी विचारलं, "ऐकलं?" मी मान डोलावली.

दार उघडल्यावर त्यांनी नणंदेच्या गावची तार लिहायला घेतली. कारकुनाने गावाचं नाव वाचलं आणि कागद परत सरकवला. त्या बाजूच्या तारा रात्रीच तुटल्या होत्या. "विजयवाड्यापर्यंत जाईल. पुढचं काही सांगता येत नाही." मास्तर म्हणाले, "मग विजयवाड्यापर्यंत पाठवा." कारकून म्हणाला, "तिथं कुणाला देऊ?" मास्तरांनी कागद परत उचलला. मी ट्रंक कॉल मागितला. लागला नाही. मग दोघं बाकड्यावर बसून राहिलो.

बाहेर लख्ख ऊन होतं. औरंगाबादचं नोव्हेंबरचं ऊन, अंगावर घ्यावंसं वाटणारं. लोक मनिऑर्डरी करत होते, पत्रांना तिकिटं चिकटवत होते. दर तासाला मास्तर उठून खिडकीशी जात, आणि कारकून त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मान हलवी. दुपारनंतर तर तो त्यांच्याकडे बघायचाच टाळू लागला. एकदाच मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "काळे, आता तिथं पाणी चढत असंल. अन् मी इथं कोरडा बसलोय." मी त्यांचा हात धरला.

समुद्र कित्येक मैल आत शिरला होता. नणंदेचं गाव पुसलं गेलं. नसीम सापडली नाही, नणंद सापडली नाही, घराचा पाया तेवढा उरला. नसीमच्या स्वतःच्या गावात वाऱ्याने काही कौलं उडाली. युसूफ गोदाम सोडून जाऊ शकला नव्हता, म्हणून तो वाचला.

महिन्याभराने युसूफ आला. नसीमची घरी राहिलेली कपड्यांची पेटी घेऊन आला होता. मास्तरांनी मलाही बोलावून घेतलं होतं. खोलीत आम्ही तिघंच होतो. मास्तरांनी पेटीवरची धूळ हाताने पुसली. मग मास्तरांनी विचारलं, "बेटा, मेरी तार?"

युसूफने खाली बघत सांगितलं, "तार नै आई अब्बा. लाइनां पैलेच बंद हो गए थे. वो अपनी मर्जी से गई. बोली, आपा के पास हो के आती."

मास्तरांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग म्हणाले, "अच्छा. अल्लाह की मर्जी." उठून स्वतः चहा केला, त्याला बळेच दोन घास खायला लावले आणि बसस्टँडपर्यंत सोडायला आले. गाडी क्रांती चौकाच्या दिशेने वळली तसे मला म्हणाले, "खोटं बोलला. चांगला पोरगा हाय. नसीम आपल्या मर्जीनं त्या बाईच्या दारात कधी गेली नसती. तार पोचली."

मी म्हणालो, "मास्तर, रेडिओलाही कळलं नव्हतं. सगळ्यांचाच अंदाज चुकला."

"व्हय. लई लोकांचा चुकला. पर हुकूम मी केला. अन् ह्ये त्या पोराला कधी कळू द्यायचं नाय, की मला कळलंय. माझ्यासाठी खोटं बोललाय, ते तरी त्याच्या कामी येऊ द्या."

त्यानंतर ते सात-आठ वर्षं जगले. निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले, चांगलं शिकवत राहिले. रेडिओही ऐकायचे, पण सकाळी येऊन काही सांगायचे नाहीत आणि आम्हीही विचारत नव्हतो. जोशी एकदा त्यांच्यासमोर सगळ्या चेष्टेची माफी मागायला गेले, तर मास्तरांनाच त्यांची समजूत घालावी लागली. युसूफने दुसरं लग्न केलं, तेही मास्तरांनी पत्रावर पत्रं लिहून भरीला घातलं म्हणून. दर ईदला तो बायको-मुलांना घेऊन यायचा. ती मुलं मास्तरांना नाना म्हणायची. आत कुठेतरी ते रोज थोडे थोडे संपत होते. मी बघत होतो आणि काही करू शकत नव्हतो.

मास्तर गेले तेव्हा युसूफ दोन दिवसांचा प्रवास करून आला. माती देऊन झाली होती. लोक पांगले. तो कबरीशी बराच वेळ उभा होता, मग माझ्याजवळ आला. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं कुणालातरी सांगायचं होतं त्याला.

"सर, तार आई थी. दुपहर में आई. नसीम पढ़ के हँसी. बोली, उस औरत के घर मैं मर जाऊँ तो भी नै जाती. फिर बोली, लेकिन अब्बा का हिसाब है, कभी गलत नै होता. खुद ट्रंक भरी." त्याने डोळे पुसले. "मैंने अब्बा को नै बताया. आखिर तक मालूम तो नै हुआ ना उनको?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही," मी म्हणालो. "त्यांना कधीच कळलं नाही."