योगीराजची टकटक

ताडकळसला आमच्या घराशेजारी योगीराजची पिठाची गिरणी आहे. लहानपणी गोवरात त्याचे डोळे गेले. तेव्हापासून जीभ टाळूला लावून तो ‘टक्’ असा आवाज काढत चालतो आणि समोरून काय परत येतं ते ऐकतो. भिंत भरदार उत्तर देते, पत्रा कडक, कडुलिंबाचं खोड अगदी हलकं. जिथून काहीच येत नाही ती मोकळी वाट. कुणी हात धरायला गेलं की त्याचं डोकं फिरतं. बायको रुख्मिणी एकदा धरायला गेली तर म्हणाला, “मी काय म्हैस हाय का?” अशा हट्टी माणसाचा शेजार म्हणजे रोजची करमणूक आणि रोजचं भांडण.

त्याची मुलगी निकिता झरीच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिनं एकदा ओट्यावर बसून सांगितलं की डॉल्फिन आणि दातवाले देवमासे असंच करतात. खोल पाण्यात अंधार असतो. मग ते नाकाच्या पोकळीतून टकटक करतात, कपाळातली चरबी तो आवाज पुढे सोडते आणि भक्ष्यावर आपटून आलेला आवाज खालच्या जबड्यातून कानात पोचतो. योगीराज कधी समुद्राकडे गेलेला नाही, पण त्या दिवसापासून ते त्याचे भाऊबंद झाले.

“चुकत न्हाईत का गं ते?” त्यानं विचारलं.

“चुकतात की बाबा. बारीक दोऱ्याच्या जाळ्यावरून आवाज नीट परत येत न्हाई. मोकळं पाणी हाय असं वाटतं, अन् अडकतात.”

यंदा निकिताचं लग्न ठरलं. योगीराजचा धाकटा भाऊ पंडित म्हणाला, “दादा, व्याह्यांसमोर ठेचकाळलास तर लय वाईट दिसंल. कन्यादानाला मी अन् माझी बायको बसतो.” योगीराज भडकला. शेवटी ठरलं, लग्नादिवशी घराच्या दारातून गल्लीच्या टोकाला बांधलेल्या स्टेजपर्यंत कुणाचा हात न धरता आला तर तो बसणार, नाहीतर पंडित. बापाची कसली परीक्षा घेता? पण खुद्द त्यानंच कबूल केलं, म्हणून मला मधे पडता आलं नाही.

मग त्याला चैन पडेना. गिरणी चालू ठेवून मधेच बाहेर यायचा, टकटक करत गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, परत फिरायचा. जेवता जेवता उठायचा. पीठ जाडंभरडं पडायला लागलं, बाया कुरकुरल्या, तरी त्याच्या फेऱ्या थांबल्या नाहीत.

लग्नाच्या सकाळी अंघोळ करून तो दारात आला, टक् केलं आणि जागीच थबकला. पंडितनं हौसेनं गल्लीभर मांडव घातला होता. दोन्ही अंगांना जाड पडदे, वर कापडी छत, खाली सतरंज्या. सगळा आवाज कापडानं पिऊन टाकला होता.

“गल्ली कुठं गेली रे?” त्यानं मला विचारलं.

पडदे काढ म्हणून मी पंडितशी भांडलो. तो म्हणाला, “पाव्हणे यायलेत. आता उघडंबोडकं ठेवू का?”

अक्षता पडल्या. भटजींनी मुलीच्या आईवडिलांना बोलावलं. रुख्मिणी वर जाऊन बसली. बँड थांबला आणि योगीराज दारातून निघाला. टक्. काहीच परत आलं नाही. तो चार पावलं चालला, खुर्चीला गुडघा आपटला. पुन्हा टक्. पुन्हा काहीच नाही. पंडितनं बायकोला खूण केली आणि उठला. मला त्याचा राग आला, आणि रडूही.

तेवढ्यात स्टेजवरून आवाज आला. टक्.

मुंडावळ्या बांधलेली निकिता जीभ वाजवत होती. वराकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तिनं पर्वा केली नाही. योगीराजनं मान वळवली आणि तिला उत्तर दिलं. तिनं पुन्हा वाजवलं. असं करत तिच्या आवाजाच्या रोखानं तो खुर्च्यांमधून वाट काढत गेला, पायानं पायरी चाचपली आणि वर चढला.

“बस कर पोरी, पाव्हणे बघायलेत,” तो म्हणाला. मग पंडितच्या दिशेनं वळला. “धरला का कुणी हात?”

पंडितनं नुसती मान हलवली. मग दादाला दिसत नाही हे आठवून बोलला, “न्हाई धरला. बस तू.”

भटजींनी निकिताचा हात त्याच्या हातात दिला. त्यानं तो घट्ट धरला. आता जावयाच्या हातात द्या, असं भटजींना दोनदा सांगावं लागलं.