हरण्या दोन्ही बाजूंनी चालायचा

लढाई संपली, आमची खेचरांची कंपनी मोडली आणि मी हवालदार होऊन इस्लामपूरजवळच्या आमच्या गावी परतलो. कृष्णाकाठची जमीन, ऊस, गुऱ्हाळ. खाण्यापिण्याला काही कमी नव्हतं. पण परेडची सवय लागलेला माणूस घरात बसला की घरच्यांना नकोसा होतो. दोन पावसाळे कसेबसे काढल्यावर थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमी कुटंतरी नोकरी बगा. आमाला सारकं फॉल-इन व्हायला जमत न्हाई."

त्यांचं बरोबर होतं. कंपनीत मी व्हेटर्नरी सेक्शनला होतो, सिरिंज हातात बसलेली होती. गुरांना लस टोचणाऱ्या सरकारी पथकात मला लगेच घेतलं. संस्थानं नुकतीच विलीन झाली होती. पोस्टिंग आलं आटपाडीकडं.

आटपाडी म्हणताच धुळा आठवला. तिथल्या एका वाडीचा लान्स नाईक धुळा माझा जोडीदार होता. मेंढरं आणि खिलार जनावरं राखणाऱ्या घरातला. ब्रह्मदेशात एकदा आमचा कॉलम नदीपार निघाला तेव्हा मी मलेरियानं पडलो होतो. "पडून ऱ्हा गड्या, तुजी खेचरं मी नेतो," असं म्हणून तो गेला. नदीच्या उतारावर मॉर्टरचे गोळे पडले. धुळा तिथंच संपला. त्या दिवशी माझ्या जागी तो होता म्हणून मी आज हे लिहितो आहे. यापलीकडं त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पथकात आम्ही तिघं: डॉक्टरसाहेब, ड्रायव्हर आणि मी. रोजचं काम ठरलेलं. मिरजेहून आलेला बर्फ पेटीत भरायचा, त्यात लशीच्या कुप्या ठेवायच्या, सुया उकळायच्या आणि ऊन चढायच्या आत गाव गाठायचं. लस एकदा कालवली की लगेच संपवायची. उरली तर ओतून द्यायची. टोचलेल्या जनावराला ताप येतो, म्हणून दोन आठवडे त्याला औताला जुंपायचं नाही. हे शेवटचं वाक्य ऐकलं की शेतकरी आमच्याकडं पाठ फिरवायचे.

धुळाच्या वाडीत पोचलो तेव्हा पाऊस होऊन गेला होता आणि जमिनीला पेरणीजोगा वापसा आला होता. शाळू ज्वारी पेरायचे दिवस. त्या कोरड्या मुलखात ओल फार दिवस थांबत नाही. आणि नेमकी त्याच वेळी ओढ्यापलीकडच्या गावात बुळकांडीची साथ आली होती. डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, रक्ताची हगवण. आठवड्याच्या आत दावण रिकामी.

आधी धुळाच्या वडिलांना, बिरूतात्यांना भेटलो. नाव सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"तू व्हय त्यो! रजेवर आला की तुजंच नाव घ्यायचा." मग दावणीकडं बोट केलं. "ह्यो पाखऱ्या. आन् ह्यो हरण्या. धुळानं हातानं शिकिवलेला हाय. उजवीकडं जुंपा न्हाईतर डावीकडं, चालतोयच."

मी हरण्याच्या मानेवर हात ठेवला. धुळानं हाताळलेलं जिवंत असं तेवढंच उरलं होतं. आम्हा दोघांनाही ते कळत होतं.

देवळापुढं वाडी जमली. एकजण उठून म्हणाला, "सायेब, आज सुई टोचली तर पेरायचं कुणी? पेरा चुकला तर वरीसभर खायाचं काय?"

"आणि बैलच मेले तर?" डॉक्टरांनी विचारलं.

मग डॉक्टर माझ्याकडं वळले. "हवालदार, लस किती?"

"निम्म्या वाडीपुरती, सर. पुढची गाडी आठवड्यानं."

फ्रंटवर सगळी कंपनी एकदम झोपत नाही. निम्मी स्टँड-टूला जागी, निम्मी रेस्टला. मी म्हणालो, "सर, निम्मे बैल आज टोचू. निम्मे पेरणी करतील. मग पाळी बदलू."

वाडीला हे शिकवावं लागलं नाही. दोन शेतकरी आपापला एकेक बैल एकत्र करून जोडी करतात, त्याला सावड म्हणतात. ती त्यांच्या घरचीच रीत. माना हलल्या. मला जोर चढला. परेडच्या आवाजात हुकूम सोडला, "प्रत्येक घरानं उजवा बैल पुढं आणा!"

तात्या मोठ्यानं हसले. "अरं हवालदार, समदं उजवं बसवून ठिवल्यावर उद्या डाव्याला डावा जुंपू व्हय? औत काय गोल गोल फिरवायचं हाय?"

उजवीकडं चालायला शिकलेला बैल डावीकडं पाऊल टाकत नाही, हे माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असायला हवं होतं. फौजेनं डोक्यातून पार धुऊन काढलं होतं. वाडी पोट धरून हसली, आणि त्या हसण्यातच सुईची भीती गेली. काही घरांनी उजवा दिला, काहींनी डावा. तरीही कधी उजवा कमी पडेल, कधी डावा, हे दिसत होतं.

"माजा पाखऱ्या टोच," तात्या म्हणाले. "हरण्याला ऱ्हाऊ दे. जितं बैल कमी, तितं त्यो जाईल."

"तात्या, हरण्या आधी टोचू या. तो धुळाचा हाय."

"म्हणून तर ठिवतोय. अडलेल्याची पेरणीची पाभर मग कोण वडनार?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहून होकाराची मान हलवली. मी पाखऱ्याला टोचलं.

हरण्या आज याच्या उजवीकडं, उद्या त्याच्या डावीकडं. वाडीची शेतं पेरून होत होती. लशीची गाडी ओढ्याच्या पाण्यानं अडकली आणि उशिरा आली. आली तशी उरलेली जनावरं टोचली. हरण्या आणि त्याच्या जोडीचा बैल तेवढे मागं राहिले, कारण ओढ्याकाठच्या एका विधवेचं रान बाकी होतं. "त्येवडं झालं की टोच," तात्या म्हणाले.

ते रान पेरून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिरिंज भरून गेलो तर हरण्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. थर्मामीटर लावला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि माझ्या हातातली सिरिंज काढून घेतली.

"आयसोलेट करा."

तात्यांनी आधीच दावं सोडलं होतं. वाडीपासून लांब, माळावर त्यांनी हरण्याला नेलं आणि स्वतःही तिथंच राहिले. मी भाकरी आणि पाणी घेऊन जायचो.

"तितंच ठिव," ते लांबूनच ओरडायचे. "जवळ येऊ नगंस. तुला दुसऱ्यांच्या दावणीला जायाचं हाय."

"कसा हाय?"

"हाय."

एका सकाळी ते काहीच ओरडले नाहीत. माझ्याकडं पाठ करून बसून होते. आम्ही खोल खड्डा घेतला, चुना टाकला, हरण्याला पुरलं. मी लढाईत रडलो नव्हतो. त्या माळावर रडलो, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

हरण्याबरोबर जुंपलेल्या बैलांवर आम्ही डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. ताप आला, उतरला. बाकी एकही जनावर गेलं नाही. पण तात्यांचं स्वतःचं रान तसंच पडून होतं. लोकांचं आधी पेरता पेरता ते राहूनच गेलं होतं, आणि ओल उडत चालली होती.

तात्या अंग धुऊन, कपडे उकळून वाडीत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायला पहिल्या खेपेला टोचलेले सगळे बैल त्यांच्या बांधावर उभे होते. कुणी बोलावलं नव्हतं. ती विधवा भाकऱ्यांची पाटी घेऊन आली होती. तात्यांनी पाभरीमागं, दाणे सोडायच्या चाड्यापाशी मला उभं केलं आणि बियाण्याची ओटी माझ्या कमरेला बांधली.

"चाड्यावर मूठ तू धर."

"तात्या, मला जमायचं न्हाई. आमी ऊसवालं."

"धर. हे काम धुळाचं हुतं."

मी धरली. दाणे कधी भसकन जायचे, कधी अडायचे. कुणीही टोकलं नाही.

शाळू वर आल्यावर मी मुद्दाम बघायला गेलो. कुठं गचपण, कुठं नुसती माती. आजूबाजूच्या रानांत तसं कुठंच नव्हतं. मी खाली मान घालून म्हणालो, "तात्या, रान नासलं की माझ्यापायी."

ते हसले. "असू दे रं. आमच्या धुळाचीबी मूठ अशीच हुती."

परत निघताना ती ओढ्याकाठची विधवा वाटेत भेटली. मी तिला तात्यांचं हे बोलणं सांगितलं. ती वाटेतच थांबली.

"धुळाची? आवं, धुळाच्या मुठीत दान्याचा फरक पडत नव्हता. माजं रान दरसाल त्योच पेरायचा."

मी मागं वळून पाहिलं. तात्या अजून बांधावर उभे होते. मी टाचा जुळवल्या आणि लांबूनच त्यांना सॅल्यूट केला.